काचेआडची झोप

विषय : काचेआड बंद असलेल्या पलंगाच्या चित्राबाबत.

संदर्भ : १) आवक टेबलावरील ताईंचा, चित्र काढून मिळण्याबाबतचा अर्ज.
२) ताईंचाच, वरील अर्ज मागे घेण्याबाबतचा अर्ज.
३) ताईंचाच, दोन दिवसांच्या रजेचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी फलक बोलतोय.

फलकाने बोलावं अशी तरतूद नियमांत नाही, हे मला माहीत आहे. पण बोलू नये अशीही नाही. आणि जे स्पष्ट मना केलेलं नाही ते निदान दुपारच्या चहानंतर करता येतं, असा या कार्यालयाचा प्रघात आहे. सध्या दुपारचा चहा झालेला आहे.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. पाठीला मऊ लाकडाची फळी, तिच्यावर हिरवं कापड, चहूबाजूंनी चौकट आणि पुढे सरकत्या दोन काचा. सुताराने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झकास झालाय." मग त्याने दोन काचांच्या मध्ये कुलूप बसवलं. त्यानंतर आजतागायत मला कोणी झकास म्हटलेलं नाही.

कार्यालयात मला जिन्यासमोरच्या बोळात टांगलं. तिथे ऊन येत नाही, वारा येत नाही, फक्त माणसं येतात. अनेक वर्षं मी सूचना अंगावर वागवल्या. उशिरा येऊ नये. लवकर जाऊ नये. जिन्यात थुंकू नये. 'नये' या शब्दावर माझा पिंड पोसला म्हणा ना. सूचना वाचायला फारसं कोणी थांबत नसे, पण माझ्या काचेत बघून भांग पाडायला सगळे थांबत. ज्येष्ठता यादी लागली की मात्र गर्दी व्हायची. माणूस त्या यादीत आधी स्वतःचं नाव शोधतो, आणि मग आपल्या वर कोण आहे ते पाहून दिवसभर तोंड पाडून बसतो. खाली किती जण आहेत हे मोजताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

माझ्या अगदी समोर आवक टेबल आहे. बाहेरून येणारा प्रत्येक कागद, आणि आतल्या माणसांचे अर्जसुद्धा, आधी या टेबलावर येतात. तिथे ताई बसतात. त्या कागदावर शिक्का मारतात, क्रमांक घालतात आणि आत पाठवतात. या कार्यालयात कागदाचा जन्म ताईंच्या हातून होतो. पुढे त्याचं काय होतं ते कोणी नक्की सांगू शकत नाही. ताई पन्नाशीला आलेल्या, एकट्या, बोलायला मोकळ्या. डोळ्यांखाली मात्र कायमची काळी वर्तुळं. घरी आई अंथरुणाला खिळलेली, एका बाजूचं अंग गेलेलं. दिवसा एक बाई येते, रात्र ताईंची. एक भाऊ आहे, दूरच्या शहरात. तो फोनवरून आईची फार काळजी घेतो.

टेबलाशेजारी स्टुलावर शिपाई बसतात. त्यांना सगळे मामा म्हणतात, साहेबसुद्धा. आणि बोळाच्या टोकाला हेडक्लार्क भाऊसाहेब. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या पायाला मुंग्या येतात.

तर एके दिवशी नवे साहेब आले. तरुण, हसरे, कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आलेले. पहिल्याच आठवड्यात माझ्यावर सूचना लागली : 'सर्व कर्मचाऱ्यांनी दृष्टी फलक कार्यशाळेस उपस्थित राहावे.' निम्मे कर्मचारी जुने चष्मे घेऊन आले. एकाने तर डोळ्यांत औषध घालून आणलं होतं. मग साहेबांनी खुलासा केला की याला व्हिजन बोर्ड म्हणतात, आणि आपल्याला आयुष्यात जे हवं त्याची चित्रं त्यावर लावायची असतात. म्हणजे मन उभारी धरतं.

मार्गदर्शन करायला एक बाई आल्या होत्या. आवाज मधाळ. बोळातच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे मला सगळं ऐकता आलं.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "पाच वर्षांनी तुम्ही कुठे आहात? तुम्ही सांगा, काका."

"निवृत्त," भाऊसाहेब म्हणाले.

"छान! आणि काय करताय?"

"कागदपत्रं पूर्ण झाली का, हे विचारायला इथेच आलोय."

बाई गोड हसल्या आणि पुढे गेल्या. त्यांचं एक वाक्य मात्र बोळात राहिलं. त्या म्हणाल्या, "रोज जे चित्र डोळ्यांसमोर असतं, तेच आयुष्यात चालत येतं. मनाला फक्त चित्र कळतं. 'हवं' आणि 'नको' मनाला कळत नाही." मी जन्मभर 'नये' सांगत आलो होतो. मला जरा अपमान वाटला.

आता प्रत्येकाला स्वतंत्र फलक घ्यायचा तर खरेदीचा प्रस्ताव करावा लागणार, आणि त्यात साहेबांची बदलीसुद्धा होऊन जायची. म्हणून सर्वांची स्वप्नं एकाच फलकावर लावायचं ठरलं. तो फलक मी.

माझ्यावरच्या सूचना उतरवल्या. मला पुसलं. सुतळी ताणून चौकोन पाडले. चौकोन कोणाला कोणता आणि केवढा, यावर थोडा वेळ घोळ चालला. मग भाऊसाहेबांनी नुकतीच उतरवलेली ज्येष्ठता यादी हातात घेतली आणि प्रश्न सुटला. साहेबांना वरची अख्खी ओळ. त्यांच्याखाली भाऊसाहेब, ऐसपैस. मग पद उतरत जाईल तसा चौकोन उतरत गेला. ताईंना खालचा उजवा कोपरा मिळाला, भाऊसाहेबांच्या चौकोनाला लागून. मामांचा चौकोन काडेपेटीपेक्षा मोठा होता, एवढंच म्हणता येईल.

साहेबांनी डोंगराच्या शिखरावर हात पसरून उभा असलेला माणूस लावला. भाऊसाहेबांनी तळं लावलं, त्यात एक होडी.

"पोहता येतं का भाऊसाहेब?" कोणीतरी विचारलं.

"नाही. म्हणून तर होडी."

मामांनी मऊ तळव्याचे बूट लावले. त्यांचे पाय दिवसभर दुखतात.

ताईंना वेळच नव्हता. दुपारी घरी फोन करायचा असतो, औषध दिलं का विचारायचं असतं. त्यांनी उरलेल्या मासिकांचा ढीग घाईघाईने चाळला आणि एका हॉटेलच्या जाहिरातीवर त्यांचा हात थांबला. पांढरीशुभ्र चादर घातलेला पलंग. बाजूला अर्धी उघडी खिडकी, वाऱ्याने फुगलेला पडदा. खोलीत कोणी नाही. त्यांनी पान फाडलं.

"पलंग?" मामा म्हणाले. "अहो ताई, लोक गाड्या लावतायत, बंगले लावतायत."

"मामा, मला एक रात्र सलग झोपायचंय. मध्ये कोणी हाक न मारता. गाडीचं उठल्यावर बघू."

पान चौकोनापेक्षा मोठं निघालं. भाऊसाहेब पट्टी घेऊन आले.

"ताई, तुमचा पलंग माझ्या तळ्यात येतोय."

"मग होडी सरकवा ना थोडी."

"होडी सरकवीन हो. हद्द कशी सरकवू? वर्गवारीप्रमाणे आखलीय."

तोवर ताई घरी फोन करायला धावल्या होत्या. भाऊसाहेबांनी कडेला पट्टी ठेवली, पलंगाची डावी बाजू सफाईने मागे दुमडली, नखाने घडी पक्की केली आणि चार टाचण्या मारल्या. त्या दुमडीत काय गेलं, ते कोणी पाहिलं नाही; ताईंनीही घाईत पान धड पाहिलं नव्हतं. मला ते लागलं, कारण दुमडलेली बाजू माझ्याच अंगाला टेकली होती. जाहिरातीतल्या पलंगावर दोन उशा होत्या. दुमडल्यावर एक उरली.

मग काचा सरकल्या, कुलूप लागलं. बाहेरच्या काचेवर आदेश चिकटवण्यात आला : 'फलकावरील कोणतेही चित्र सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावू, काढू अगर सरकवू नये.' खाली भाऊसाहेबांची सही. हा आदेश नेमका मामांच्या बुटांवर चिकटला. बुटांच्या नाड्या तेवढ्या बाहेर दिसत राहिल्या. साहेबांनी माझा फोटो काढून वरच्या कार्यालयाला पाठवला. कर्मचाऱ्यांच्या भावनिक स्वास्थ्याची व्यवस्था करण्यात आली आहे, असं त्याखाली लिहिलं.

एक माशी माझ्याबरोबर आत राहिली होती. तिने पहिला दिवस काचेवर डोकं आपटण्यात घालवला. नंतर ती साहेबांच्या शिखरावर जाऊन बसली आणि तिथेच संपली. अजून ती त्या हात पसरलेल्या माणसाच्या डोक्यापाशी आहे. साहेबांना वाटतं, गरुड आहे.

सूचनांचं एक बरं होतं. त्या महिन्याभरात जुन्या व्हायच्या, काचा उघडायच्या, थोडी हवा आत यायची. स्वप्नांना मुदत नव्हती, त्यामुळे काचा उघडेनात. इतक्या माणसांना जे हवं ते सगळं माझ्या पोटात, आणि बाहेर कोणाला हात लावायची सोय नाही. माणसं मात्र येता-जाता बघत. दोन-चार दिवस कौतुकाने बघितलं, मग पुन्हा भांग पाडायला लागली.

ताई रोज बघायच्या. सकाळी पर्स ठेवली की आधी माझ्याकडे.

"काही म्हणा मामा, उपयोग होतो हं," त्या म्हणायच्या. "पलंग बघितला की जांभई येते."

त्या वेळी मलाही माझ्या आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं होतं.

थंडी पडली आणि ताईंच्या आईच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात ठेवावं लागलं. ताई दोन दिवस आल्या नाहीत, आवकीचे कागद साचले, कार्यालयाची कामं दोन दिवस जन्मालाच आली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या आल्या. पर्स ठेवायच्या आधी त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"मामा, हा पलंग रिकामा आहे."

"पलंग रिकामाच असतो जाहिरातीत. माणसासकट कोण विकणार?"

"तसं नाही. काल आईच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी गेल्या. मी चहा घेऊन येईपर्यंत चादर बदलून झाली होती. अशीच. अशीच ताणून घातलेली, पांढरी. एक उशी." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "त्या बाई काय म्हणाल्या होत्या? रोज बघाल ते येतं. मी रोज काय बघतेय, मामा? रोज सकाळी येऊन काय मागतेय मी?"

"ताई, असं काही नसतं. मी रोज बूट बघतो, आले का?"

"तुमचे बूट दिसतच नाहीत. वर आदेश चिकटवलाय."

मामांनी आदेशाखाली लोंबणाऱ्या नाड्यांकडे पाहिलं.

मला तेव्हा बोलता यायला हवं होतं. ताई, तो पलंग तसा नाही, उशा दोन आहेत, एक माझ्या अंगाला टोचतेय, असं सांगितलं असतं. पण मला तोंड नाही आणि समोर काच. माझ्या आतली गोष्ट मला माहीत, आणि जिला हवी तिला सांगता येत नाही. कोंडलेपण म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळलं. कुलूप त्या मानाने काहीच नाही.

ताई भाऊसाहेबांकडे गेल्या. "एक मिनिट काच उघडा. माझं चित्र काढून घेते."

भाऊसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला, माझी किल्ली शोधलीसुद्धा, आणि पुन्हा खाली ठेवला. "उघडायला मिनिटही लागत नाही, ताई. पण वरून कोणी विचारलं की तिथली जागा रिकामी का, तर काय सांगू? आदेशावर सही माझीच आहे. तुम्ही आपला एक अर्ज द्या."

ताईंनी अर्ज लिहिला. आपल्याच अर्जावर आपल्याच हाताने शिक्का मारला, क्रमांक घातला आणि आत पाठवला. तो शेरा घेऊन परत आला : 'कारण नमूद करावे.' ताईंनी लिहिलं : वैयक्तिक. पुन्हा परत : 'फलक वैयक्तिक नसून कार्यालयीन आहे.' आता खरं कारण कसं लिहिणार? माझी आई मरेल अशी भीती वाटते, असं लिहिलेला अर्ज कोणत्या नियमाखाली सादर करतात? शेवटी त्यांनी लिहिलं : चित्र पाहून त्रास होतो. यावर शेरा आला : 'सदर फलक त्रास कमी करण्यासाठीच लावण्यात आलेला असल्याने अर्जदाराचे म्हणणे तपासून सादर करावे.' तो अर्ज तेव्हापासून तपासला जातो आहे.

ताईंनी खुर्ची फिरवून घेतली. माझ्याकडे पाठ करून बसू लागल्या. बोळातून जाताना पदर असा घ्यायच्या की मी दिसू नये. पण जिना माझ्या समोरच आहे. घरी जायचं तर माझ्यावरूनच जावं लागतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा होता. ताई उठल्या. टेबलावरचा काचेचा जड पेपरवेट त्यांच्या मुठीत होता. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. काचेत त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. मला त्या चेहऱ्यामागचं दिसत होतं. मी मनात म्हणालो, मारा. एकदाच मारा, ताई. फुटलो तर फुटलो. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन, ती उशीसुद्धा सुटेल.

"ताई, चहा आणलाय."

मामा जिन्याच्या तोंडाशी दोन पेले घेऊन उभे होते.

ताईंचा हात खाली आला. "कागद उडत होते," त्या म्हणाल्या.

बोळात वारा येत नाही हे मामांना माझ्याइतकंच माहीत आहे. "हो ना," ते म्हणाले, "आज फारच उडतायत," आणि त्यांनी पेला पुढे केला.

ताईंची आई घरी आली, पण उतरलेली. डॉक्टर म्हणाले, छाती फार अशक्त झालीय, जपा. त्यानंतर दोन दिवसांनी ताई सकाळी आल्या त्या मोबाइल हातात घेऊनच.

"सांगून टाकलं मामा, आईला. सगळं. रात्री औषध पाजता पाजता रडायलाच आलं."

"काय म्हणाल्या?"

"आधी हसली. मग खोकली. मग म्हणाली, दाखव तरी मला, माझ्या मरणासाठी कसला पलंग शोधलायस." ताईंनी डोळे पुसले. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला काचेतून नीट दिसलं नाही. "फोटो काढायचाय. धरा ती फाईल वर, दिव्याची तिरीप येतेय."

मामांनी एक जाडजूड प्रलंबित फाईल डोक्यावर धरली. त्या फाईलचा कोणाला झालेला तो पहिलाच उपयोग.

दुसऱ्या दिवशी ताई जिना चढून थेट माझ्याकडे आल्या. गाल काचेला टेकवून कडेने आत बघू लागल्या. इतक्या जवळून मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. थंडीने म्हणा, दिवसांनी म्हणा, भाऊसाहेबांनी नखाने पक्की केलेली घडी आता सैल पडली होती. दुमड पानाच्या कानासारखी थोडी उभी राहिली होती.

"मामा, इकडे या. तुमची नजर चांगली आहे. या बाजूने बघा. घडीच्या आत काय आहे?"

मामांनी गाल टेकवला. मग दुसरा गाल टेकवला. "पांढरं आहे काहीतरी. फुगीर." आणि मग एकदम, "अहो, उशी आहे! ताई, आत आणखी एक उशी आहे!"

ताई माझ्या काचेवर कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. काचेवर वाफ धरली. "आईने फोटोत लगेच बोट ठेवलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत तिने. म्हणाली, ही कड कापलेली नाही गं, दुमडलेली आहे. आत माया आहे अजून. बघ जा."

भाऊसाहेब आवाज ऐकून आले. त्यांना प्रकार कळला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. "मीच दुमडलं होतं," ते म्हणाले. "हद्दीत बसत नव्हतं."

त्यानंतरच्या दिवशी ताईंनी आईचा निरोप आणला. तो त्यांनी भाऊसाहेबांच्या टेबलापाशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. "आई म्हणते, माझी जागा दुमडून ठेवलीत होय? भाऊसाहेबांना म्हणावं, घाबरू नका, मी काही तुमच्या तळ्यात पाय टाकत नाही."

सगळा बोळ हसला. भाऊसाहेब सर्वांत शेवटी हसले, पण हसले.

"आणखी काय म्हणाली माहितेय का मामा?" ताई टेबलाशी येऊन हळू म्हणाल्या. "म्हणाली, मला झोपायचंय अशा पलंगावर. या खाटेवर पडून पडून पाठीला तिचे खिळे पाठ झालेत. ने मला एकदा. तू एका बाजूला, मी एका बाजूला. हाक मारायची गरजच नाही, कोपराने ढोसेन. डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, न्यायचं तर आताच न्या. गाडीत बसू शकतेय तोवर. पुढचं मी सांगू शकत नाही."

ताईंनी त्याच दिवशी दोन अर्ज लिहिले. पहिला, चित्र काढण्याचा अर्ज मागे घेण्याबाबत. आता ते चित्र त्यांना हवं होतं. दुसरा, दोन दिवसांच्या रजेचा. कारण या रकान्यात त्यांनी बिनदिक्कत लिहिलं : आईसोबत झोपण्यासाठी. दोन्हींवर शिक्के मारले. एवढ्या जोरात शिक्का मारताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

साहेब स्वतः बोळात आले. हसतमुख. हातात रजेचा अर्ज.

"ताई, दोन दिवस म्हणजे जरा अवघड आहे. आवक कोण बघणार?"

"मामा शिक्का मारतील."

"मामांना शिक्का मारायचा अधिकार नाही ना. आणि तुमची आधीच दवाखान्यापायी रजा झालीय." साहेब माझ्याकडे वळले. "शिवाय तुमच्या विश्रांतीचाच विषय असेल तर आपण ही सोय केलीच आहे की. खरं सांगू, सगळ्यांत तुमचं चित्र शांत आहे. मी येता-जाता बघतो."

"साहेब, मला त्या चित्रात जायचंय."

"अगदी बरोबर! तेच तर तंत्र आहे. रोज पाच मिनिटं समोर उभं राहायचं आणि मनाने आत जायचं."

"माझी आई मनाने जाऊन आली, साहेब. आता तिला अंगाने जायचंय."

साहेबांना हे वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, पुढच्या कार्यशाळेसाठी. मग म्हणाले, "ठेवा फाईल. बघतो मी."

साहेबांचं हे बोलणं भाऊसाहेबांना लागलं असावं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते माझ्यापाशी आले, एकटेच. ताईंना थांबवून घेतलं होतं. "रजा माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "पण दुमड सरळ करणं आहे. आदेश गेला खड्ड्यात. तुमचा पलंग येऊ द्या माझ्या तळ्यात." आयुष्यात प्रथमच त्यांनी विनापरवानगी माझ्या कुलपात किल्ली घातली. मी श्वास रोखला. किल्ली अर्धी फिरली, अडली, आणि भाऊसाहेबांनी जोर केला तशी कट्ट आवाज करून मोडली. अर्धी त्यांच्या हातात, अर्धी माझ्या छातीत. ती अजून तिथेच आहे. कुलूप तोडायचं की कुलूपवाला बोलवायचा, यावर भाऊसाहेबांनी टिपणी सादर केली आहे. तीत किल्ली आपल्याच हातून मोडली असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आता ते रोज सकाळी साहेबांच्या टेबलावरच्या ढिगातून ताईंची रजेची फाईल काढून सर्वांत वर ठेवतात. दुपारपर्यंत ती पुन्हा मध्ये गेलेली असते.

माझी अवस्था आहे ती अशी. हिरवा रंग विटलाय. शिखरावरचा गरुड वाळून पडायला आलाय. काचा उघडत नाहीत आणि आता उघडणारही नाहीत लवकर. माझं स्वतःसाठी मागणं नाही. एवढंच सुचवावंसं वाटतं की, तुमच्याकडे असा फलक असेल तर त्याला कुलूप लावू नका, आणि कोणाचं चित्र जागेत बसत नसेल तर जागा मोठी करा. याउपर आपली मर्जी.

आज सकाळी मामांनी विचारलं, "कशा आहेत आई?"

"काल गाडीत बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं. दमली. पण पिशवी भरून घेतलीय तिने माझ्याकडून. दोन लुगडी, औषधं, कंगवा. रोज विचारते, साहेबांनी बघितलं का."

"उशी घेतलीय का स्वतःची? परक्या उशीवर झोप लागत नाही म्हाताऱ्या माणसाला."

"मी पण तेच म्हटलं," ताई शिक्का शाईत बुडवत म्हणाल्या. "तर म्हणाली, कशाला? माझी तिथे आहे."

संदर्भ क्रमांक १ व २ चे अर्ज तपासणीत आहेत. संदर्भ क्रमांक ३ चा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर असून त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.